‘जगात कुठेही चालणारी’ पदवी

आपले सविस्तर पत्र वाचले. मुलीला फिजिओथेरपी शिकायची आहे; आपला आग्रह अभियांत्रिकीचा आहे, कारण ती पदवी ‘जगात कुठेही चालते’. पत्रात चार देशांची तुलना आहे, पण मुलीला परदेशी जायचे आहे का, याविषयी एक अक्षरही नाही. मला याचीच अधिक काळजी वाटते. जो निर्णय तिने कदाचित घेतलेलाच नाही, त्याच्या सोयीसाठी तिने आज आपली आवड सोडावी, अशी आपली अपेक्षा आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते.

शिवाय ज्या समजुतीवर हा आग्रह उभा आहे, ती समजूतच चुकीची आहे. आपण उल्लेखिलेला 1989 चा वॉशिंग्टन करार हा आंतरराष्ट्रीय करार अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांची समकक्षता मान्य करतो, व्यक्तीला व्यवसायाचा परवाना देत नाही. संबंधित अभ्यासक्रमाला स्वाक्षरीकर्त्या संस्थेचे मूल्यांकन असेल, तरच त्याचा उपयोग. आणि त्यानंतरही अमेरिकेत राज्याच्या, तर कॅनडात प्रांताच्या नियामक संस्थेकडे अनुभव व परीक्षेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. सॉफ्टवेअरच्या बहुतेक नोकऱ्यांना परवाना लागत नाही, हे खरे. पण तिथे निवड करणारा मालक असतो, करार नव्हे. युरोपीय संघाच्या 2005 च्या निर्देशाने डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, पशुवैद्य, सुईण, औषधनिर्माता आणि वास्तुविशारद अशा सातच व्यवसायांच्या पात्रतेला आपोआप मान्यता दिली, आणि तीही सदस्य देशांत मिळवलेल्या पात्रतेला. त्या यादीत फिजिओथेरपिस्ट नाही, तसा अभियंताही नाही.

फिजिओथेरपीची वाट सोपी आहे, असे मी म्हणणार नाही. अनेक देशांत या व्यवसायासाठी नोंदणी सक्तीची असते. जर्मनीत आपल्या शिक्षणाची तिथल्या शिक्षणाशी तुलना होते आणि मोठी तफावत आढळली, तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. भाषेची अट वेगळीच. ऑस्ट्रेलियात आधी मूल्यमापन, मग नोंदणी. वाट लांब असली तरी बंद नाही.

म्हणून या वर्षी देशांची यादी बाजूला ठेवा आणि मुलीशी बोला. तेही तिला पटवण्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी. तिने फिजिओथेरपीच निवडली, तर पहिल्या वर्षापासून प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासिकांची संख्या आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाच्या तासांची महाविद्यालयाने प्रमाणित केलेली नोंद जपून ठेवायला सांगा. पदवीनंतर काही वर्षांनी असे कागद मिळवताना विद्यार्थी मेटाकुटीला येतात. आणि पुढे कधी तिने स्वतःहून परदेशाचा विचार केलाच, तर तिथली नियामक संस्था पदवीच्या नावाआधी हेच तास मोजेल.