लिलावाचे आकडे वाचताना आधी एवढं बघा

जुन्या, संग्राह्य गाड्यांच्या लिलावाचे आकडे वाचायला लागलात, छान सुरुवात केलीत! पहिलं म्हणजे, हातोडा पडतो तो भाव (शेवटची बोली) आणि घेणाऱ्याच्या खिशातून जाणारी रक्कम वेगळी असते. 2018 साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला फेरारी 250 जीटीओवर हातोडा 4.4 कोटी डॉलरला पडला. लिलावघराचं कमिशन धरून झाले 4.84 कोटी. नवखे हे दोन आकडे एकच समजून सर्रास एकमेकांशी ताडून बघतात.

दुसरी चूक, नुसत्या नावावर भाव ठरवणं. 1971 च्या प्लिमथ कुडा या अमेरिकन गाडीच्या व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर 'आर' असेल, तरच ती कारखान्यातून 426 हेमी हे ताकदवान इंजिन घेऊन निघालेली. नंतर बसवलेल्या हेमीला तो भाव येत नाही. फेरारीत मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि मालकीची कागदपत्रं बघा.

बाकी सगळं सध्या राहू द्या. एकच मॉडेल धरा, वर्षभराचे निकाल वहीत उतरवा. न विकल्या गेलेल्या गाड्याही लिहा बरं का!