साथीला बसताना

बेटा,

पत्र मिळालं. अमळनेरच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत गाणारीचं नाव ठळक आणि तुझं खाली बारीक, म्हणून तू खट्टू झालास. नावाचं राहू दे. मला खटकलं ते वेगळंच. तिच्या विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या गाण्यात, तू तबल्यावर दर आवर्तनाला, तालाच्या प्रत्येक फेरीत, तुकडा भरत होतास.

विलंबित एकतालाच्या बारा मात्रा तिच्यासाठी आहेत. ठेका स्वच्छ ठेव, लय हलू देऊ नको. तिने जागा दिली तर वाजव, आणि दिली की हात आखडू नको. ती समेपासून, तालाच्या पहिल्या मात्रेपासून, सुटतेय असं वाटलं तर समेआधीचे बोल जरा ठसठशीत काढ. तिला कळेल, श्रोत्यांना कळायचं कारण नाही. पण त्यासाठी बंदिश तुलाही पाठ हवी. कीर्तनात टाळकरी चाल उचलून धरतात तेव्हा बुवांना दम घेता येतो, तेही अभंग येत असल्याशिवाय होत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत. अठरा प्रवचनं. गुरुजींची स्वतःची लेखणी केवढी ओथंबणारी! तरी ‘गीता प्रवचने’ वाचताना ऐकू येतात ते विनोबाच. सोपानदेव चौधरी तर कवी. आईच्या, बहिणाबाईंच्या ओव्या उतरवताना तिची बोली त्यांनी शहरी करून टाकली नाही. या दोघांना मी साथीदारच म्हणतो, कोणी हसलं तरी.

दवाखान्यात सोबत राहायची वेळ आली तरी तेच: डॉक्टर सांगतील ते लिहून घे, आजाऱ्याला उपदेश करू नको.

वडिलांना विचार, कपाशीत मूग का पेरतात. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात हे खरं, पण मला आवडतं ते दुसरंच. साठ-सत्तर दिवसांत तो निघतो, कपाशी पसरायच्या आत. वेळेवर आटोपणं आपल्या तबलजींना फार कमी जमतं. पाच मिनिटं दिली की पंधरा घेतात. तूही त्यातलाच होऊ पाहतोयस.

पुढच्या बैठकीआधी तिला पट्टी विचार, म्हणजे पेटीची कुठली पट्टी धरून ती गाणार ते. काळी चार असेल तर मोठ्या तोंडाचा तबला लागेल. तुझ्याकडे नसेल तर माझा घेऊन जा. मात्र पुडीवरची काळी शाई नवी आहे, हातोडी जपून मार.

तुझा,
काका