दिवसभर टाके आणि पक्षी: हा वेळ वाया जातो का?

"दिवसभर घरातच असते. थोडं भरतकाम करते, खिडकीतून पक्षी बघते. मी आळशी झालेय का हो?" निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हा प्रश्न घेऊन इतक्या जणी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात (पुरुषही येतात, त्यांच्याकडे भरतकामाऐवजी शब्दकोडं असतं), की एकदा नीट उत्तर लिहायला हवं. पुढचं बोलणं बऱ्याच बैठकींतून वेचलेलं आहे आणि कुणाची ओळख पटू नये इतपत बदललेलं आहे.

बाई सांगलीकडच्या, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या. "आई बाहेरच पडत नाही," या काळजीने मुलाने त्यांना पाठवलं होतं. अशा वेळी मी आधी झोप, भूक आणि गोडी या तीन गोष्टी विचारते. झोप लागत होती, जेवण जात होतं, बहीण आली की गप्पा रंगत होत्या. म्हणजे ही उदासी नव्हती. शांत राहणं हा आजार नाही, हे घरच्यांनी आधी समजून घ्यायला हवं.

तरीही बाई दमलेल्या दिसत. कारण कळलं ते त्यांनी पिशवीतून भरतकामाची रिंग काढली तेव्हा. मॅटीच्या कापडावर कर्नाटकी कशिदा, तुळशीवृंदावनाचा बुट्टा. यात छापा नसतो, कापडाचे धागे मोजून काम करायचं असतं. गवंतीचा टाका जाताना एक घर सोडून एक घालायचा आणि परतताना सुटलेली घरं भरायची. मग दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जाताना एक धागा चुकला, तर परतताना रेघ जुळत नाही आणि सगळं उसवावं लागतं.

"रात्री फार उसवावं लागतं," त्या म्हणाल्या.

"रात्री का करता?"

"रोज एक बुट्टा पुरा करायचा असं ठरवलंय. नाही झाला तर दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो."

"आणि पक्षी? रोज किती यायला हवेत?"

त्या हसल्या. "ते कसं ठरवणार? कधी बुलबुलांची जोडी येते, कधी जास्वंदीवर शिंजीर. परवा शिंपी पक्षी आला होता. कधी कुणीच नाही."

"कुणी आलं नाही तर तो दिवस फुकट?"

"छे! मी बसलेली असते ना तिथे."

मी गप्प राहिले. त्यांनी रिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग याला वेगळा नियम कशाला लावलाय मी?"

अशा वेळी समुपदेशकाने घाईने बोलू नये. तो प्रश्न मी विचारला असता तर तो उपदेश झाला असता. त्यांनी स्वतः विचारला म्हणून तो टिकला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेला विचार मला इथे पुन्हा पटतो: माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल स्वतःवर लादलेली सक्ती जास्त छळते. नोकरी संपली होती, हजेरीपुस्तक मनात उघडंच होतं. निवृत्तांच्या अपराधीपणामागे मला बहुतेक वेळा हेच सापडतं.

पुढचं काम व्यवहाराचं होतं. बुट्ट्याचं लक्ष्य काढून टाकलं आणि बसण्याची वेळ ठरवली: सकाळच्या उजेडात तास-दीड तास, उजव्या हाताने शिवणाऱ्यांना प्रकाश डावीकडून. दोरा हातभरापेक्षा लांब नको, नाहीतर पीळ पडून गुंता होतो. सहापैकी दोनच पदर घ्यायचे. सुई बोथट टोकाची, म्हणजे धागा चिरत नाही. सुरुवातीला गाठ नको, ती उलट्या बाजूने दिसते. दोऱ्याचं टोक सोडून ठेवायचं आणि नंतर टाक्यांखालून ओवायचं. उठताना रिंग काढायची, नाहीतर कापडावर वळ राहतो. आणि संध्याकाळी दिव्याखाली धागे मोजायचे नाहीत. चुका तिथेच होत होत्या.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायला सांगतात. घड्याळ लावून हे कुणी फार दिवस करत नाही. खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी पाण्याची परात तेवढ्याच अंतरावर असली तर नजर आपोआप जाते.

परात मातीची, उथळ, पाणी दोन इंचांपेक्षा कमी, मधे एक खडबडीत दगड. जागा सावलीतली, पण झुडपाला चिकटून नको, मांजर दबा धरतं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतात. काथ्याने घासायचं, साबण नको. धान्य टाकायचं मी टाळायला सांगते, विशेषतः फ्लॅटमध्ये. कबुतरं जमतात, आणि त्यांची विष्ठा व पिसांची धूळ काहींच्या फुफ्फुसांना कायमची इजा करते. फरसाण आणि पाव तर नकोच. शिंजीर हवा असेल तर जास्वंद लावा, बाकीच्यांना पाणी पुरतं.

मुलाला एवढंच सांगितलं की फोनवर "आज बाहेर गेली होतीस का?" हा रोजचा प्रश्न थांबव. तो हजेरी घेतल्यासारखाच होता.

मात्र दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असेल, सुई हातात धरावीशी वाटत नसेल, पक्षी आले काय नि न आले काय सारखंच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ती विश्रांती नव्हे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येतं.