सणासुदीची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलीय? एवढंच सांभाळा

पहिलंच वर्ष आहे म्हणताय, तर दडपण येणारच. मी बरीच वर्षं हे करतेय, म्हणून हक्काने सांगते.

सगळ्यात आधी झोप. कामं उरली की पहिली कात्री झोपेलाच लागते आणि तिथेच गाडं अडतं. मोठ्या माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी. ती मोडली की दुसऱ्या दिवशी साध्या बोलण्यानेही डोकं फिरतं. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. साधारण ५ तासांनीही निम्मं कॅफिन अंगात उरलेलं असतं.

नवखी माणसं हमखास चुकतात ती इथे:

- प्रत्येक आमंत्रणाला लगेच ‘हो’ म्हणणं. ‘उद्या कळवते’ म्हणायची सवय लावा.
- खर्चाचा आकडा आधी न ठरवणं.
- मोघम मदत मागणं. ‘कुणीतरी बघा रे’ म्हटलं की कुणीच बघत नाही. नाव घेऊन एकच काम सांगा.

पाहुणे दारात आणि तुमचे हात थरथरतायत, असं झालं तर सरळ आतल्या खोलीत जा. ४ अंक मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा. उच्छ्वास लांबला की छातीतली धडधड उतरते. दोन मिनिटं पुरतात. मी आजही दाराला कडी लावून हेच करते.

गेलेल्या माणसाची आठवण येऊन रडू आलं तर दाबू नका. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळली, तर डॉक्टरांना भेटाच. ध्यानधारणा, रोजनिशी वगैरे पुढच्या वर्षी बघू.