दात पांढरे होतात, कॅप होत नाही

दात पांढरे करून घेण्याबद्दल यावेळी बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार निवडली आणि पहिल्यालाच जास्त जागा दिलीय, कारण ती चूक मी फार वेळा बघितलीय.

प्रश्न : माझं वय २६, लग्न ३ महिन्यांवर आलंय. शाळेत असताना पडले तेव्हा पुढच्या एका दाताचा कोपरा तुटला होता, तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट भरलंय. शेजारच्या दाताचं रूट कॅनाल झालंय, त्यावर कॅप आहे, ती आता जुनी दिसते. कॅप नवीन करायची आणि दात पण पांढरे करायचे, दोन्ही एकदमच उरकून टाकू का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी अभिनंदन! एकदम उरकू नका, आणि कॅप तर आधी मुळीच करू नका. ब्लीचिंगचं जेल दातावर पांढरा रंग चढवत नाही, त्यातलं पेरॉक्साइड इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातून झिरपत आतल्या डेंटिनपर्यंत जातं आणि तिथे साठलेले रंगाचे मोठे रेणू तोडतं, ते तुटले की दात उजळ दिसतो. कॅपच्या सिरॅमिकचा रंग भट्टीत भाजताना पक्का झालेला असतो, त्यावर जेल महिनाभर लावलं तरी ढिम्म फरक पडत नाही. सिमेंटचंही तेच, वरचे चहाचे डाग थोडे निघतील पण मूळ शेड आहे तीच राहते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, पुढची कॅप नवीकोरी, शेजारच्या दाताशी अगदी जुळवून बसवलेली, आणि मग दोन महिन्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून ब्लीचिंग केलेलं. मी शेड गाइडमधला एकेक नमुना दाताला लावून बघितला तर दात दोन शेड वर गेलेले आणि कॅप जिथल्या तिथे, चुना मारलेल्या भिंतीवर जुन्या रंगाचा एक चौकोन राहावा तशी पिवळी दिसत होती. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. कॅप पुन्हा करावी लागली, खर्च पुन्हा, दाताचं माप देणं पुन्हा, आणि यातलं काहीच टाळता आलं नसतं असं नव्हतं.

म्हणून तुमचा क्रम असा ठेवा. आता लगेच तपासणी आणि क्लिनिंग, कुठे कीड असेल तर ती आधी भरून घ्यायची. मग डॉक्टर तुमच्या दातांच्या मापाचा ट्रे बनवून देतील, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री लावायचं, साधारण २ ते ३ आठवडे. हे १० टक्के ऐकून घाबरू नका, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं ते जेमतेम ३.५ टक्के. प्रत्येक दाताला भाताच्या शिताएवढं जेल पुरतं, ट्रेबाहेर आलेलं बोटाने पुसून टाका. नंतर २ आठवडे काहीच करायचं नाही. हे दोन आठवडे लोकांना जड जातात पण तेच महत्त्वाचे आहेत, कारण ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो आणि तो असताना नवीन सिमेंट नीट कडक होत नाही, दाताला घट्ट धरत नाही, थोड्याच दिवसांत कोपरा निघून हातात येऊ शकतो. शिवाय ब्लीच केल्या केल्या दात कोरडे पडून जास्तच पांढरे दिसतात, खरी शेड नंतर बसते. ती बसली की मग तिच्याशी जुळवून कोपरा आणि कॅप दोन्ही बदला. सगळं धरून दोनेक महिने, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, फक्त आजच सुरुवात करा.

मधल्या काळात ॲक्रिलिकची तात्पुरती कॅप असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा, काही तात्पुरत्या कॅप या जेलने नारिंगी पडतात. आणि मागच्या दाढांत जुनी चांदी (हे पारा मिसळलेलं मिश्रण असतं) भरलेली असेल तर ट्रे पुढच्या दातांपुरताच कापून घ्या, पेरॉक्साइड लागलं की चांदीतून पारा थोडा जास्त सुटतो आणि चांदीच्या कडेला दात कधी कधी हिरवट दिसतो.

प्रश्न : क्लिनिकमध्ये बसून दात पांढरे केले, त्या रात्री अचानक वीज चमकावी तशा कळा येत होत्या. माझे दात कायमचे खराब झाले का? (ठाणे)

उत्तर : बहुतेक नाही, पण त्रास खरा आहे, मनाचे खेळ नाहीत. क्लिनिकमधलं जेल ३५ ते ४० टक्के असतं आणि पेरॉक्साइड काही मिनिटांतच दाताच्या नसेपर्यंत पोचतं, त्याने नस चिडते. काही दिवसांत हे उतरतं. तोवर गार पाणी, आइस्क्रीम, लिंबू टाळा, पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरा आणि पुढची बैठक लांबवा. हिरडीवर पांढरा चट्टा पडला असेल तर तो जेल लागल्याचा, बहुतेक लवकर जातो. मात्र एकच दात ठणकत राहिला तर तो दाखवाच, तिथे कीड किंवा चीर असू शकते.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे, व्हिडिओ बघून मेडिकलमधून जखमेला लावायचं पेरॉक्साइड आणतो, त्यात खायचा सोडा आणि लिंबू घालून दात घासतो. ओरडलो तर ऐकत नाही, काय करू? (नाशिक)

उत्तर : दादा, ओरडू नका, त्याला घेऊन डेंटिस्टकडे बसा आणि त्याच्यासमोरच त्याचे दात तपासून घ्या. त्या बाटलीत साधारण ६ टक्के पेरॉक्साइड असतं, ते पाण्यासारखं पातळ, दातावर थांबत नाही, हिरड्यांवर आणि घशात जातं. त्याहून वाईट लिंबू. लिंबाने दात आंबतात म्हणतो ना आपण, तेव्हा इनॅमल खरंच मऊ पडलेलं असतं, आणि त्याच वेळी वरून ब्रश फिरवला की ते झिजतं, झिजलं की आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं, म्हणजे पोरगं दात पांढरे करायच्या नादात पिवळे करतंय. हे त्याला असंच सांगा, पटेल. या वयात दातातली नस मोठी असते म्हणून त्रासही जास्त होतो. युरोपियन युनियनमध्ये १८ वर्षांखालच्यांना ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइडची व्हाइटनिंग उत्पादनं वापरायला कायद्यानेच मनाई आहे. आणि त्याचे सुळेच पिवळे वाटत असतील तर सुळे बाकीच्या दातांपेक्षा मुळातच थोडे पिवळे असतात.

प्रश्न : लहानपणापासून बोअरचं पाणी प्यायलो, दातांवर तपकिरी डाग आणि पांढरे ठिपके आहेत. ब्लीचने जातील का? (यवतमाळ)

उत्तर : तुमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड बऱ्याच ठिकाणी जास्त आहे, हे डाग दात तयार होतानाच आत बसलेत. तपकिरी डाग ब्लीचने बरेच फिके होतात. पांढरे ठिपके जात नाहीत, उलट पहिले काही दिवस जास्तच उठून दिसतात, तेव्हा घाबरून मधेच सोडू नका. नंतर त्या ठिपक्यांसाठी वरचा पातळ थर घासून काढणं किंवा आत रेझिन (सिमेंटच्याच जातीचं पातळ द्रव) मुरवणं असे उपाय आहेत. रेझिन लावायचं असेल तर इथेही तोच २ आठवड्यांचा थांबा पाळा. आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड आधी तपासून घ्या.