कॉन्सर्टचं स्टँडिंगचं, म्हणजे उभ्याने बघायचं, तिकीट पहिल्यांदाच काढलंय?
रांगेत लवकर जा, पण दार उघडलं म्हणून धावू नका. १९७९ साली अमेरिकेत सिनसिनाटीला 'द हू' या रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी दाराशीच चेंगरून ११ जण गेले.

आत स्टेजसमोरचं रेलिंग मिळालं तर आनंदच, पण मागचा सगळा दाब तिथेच येतो. मला विचाराल तर साउंड डेस्कच्या, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्यांच्या टेबलाच्या, जरा पुढे उभं राहा, आवाजही तिथे छान लागतो. गर्दी दाटली की मुठी वळून दोन्ही हात छातीसमोर धरा, श्वासापुरती जागा राहते. लोंढा आला तर त्याच्याशी झुंजायचं नाही; जरा ओसरला की तिरकं सरकत कडेला यायचं. कुणी पडलं तर आधी उचला, गाणं राहू दे. बुटांच्या नाड्या मात्र घरूनच घट्ट बांधून निघा, गर्दीत वाकता येत नाही.