थारला चालायला निघालीस तर हुक घरी ठेव

अगं, तुझा प्लॅन वाचला. ऑक्टोबरच्या शेवटी बांद्रा टर्मिनसवरून जैसलमेर, तिथून खुरी, मग गावोगाव पायी आणि रात्री टेंट नाहीतर एखाद्या ढाणीत, म्हणजे वाळवंटातल्या चार घरांच्या वस्तीत, मुक्काम. जा, नक्की जा. पण शेवटी तू लिहिलंयस ना, "सर टेन्शन नको, साप उचलायचा हुक घेतेय सोबत, एखादा आलाच तर हँडल करीन", ते वाचलं आणि म्हटलं आता हिला सविस्तर लिहायलाच हवं.

हुक घरी ठेव. मुलुंड-येऊरच्या बाजूला तू धामणी बघितल्यास, नाग बघितलेस, सीनियर लोकांच्या मागे रेस्क्यूला उभी राहिलीस, त्यातून शिकलीस, छान. पण इथे साप निघतो तो कुणाच्या तरी बाथरूममध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लोक घाबरून काठ्या घेऊन उभे असतात, त्याला उचलून लांब नेण्याला काहीतरी अर्थ असतो. तिकडे तो त्याच्या घरी आणि तू पाहुणी, उचलून नेणार कुठे? शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय पकडापकडी केलीस तर गुन्हा आहे, आणि इथल्या सर्पमित्र ग्रुपचं ओळखपत्र तिकडच्या फॉरेस्टवाल्याला दाखवून काही होणार नाही. हुक हातात असला की माणूस अजून दोन पावलं पुढे जातो, माझी खरी भीती ती आहे.

गाठ पडलीच तर बहुतेक फुरशाशी, त्या विषारी सापाशी, पडेल. तुला फुरसं नवीन नाही, आजोळी देवगडच्या सड्यावर दगड उलटला की निघतं. पण तिथलं वीतभर-हातभराचं फुरसं डोळ्यासमोर ठेवून जाऊ नकोस. थारमधली उपजात वेगळी आहे, अंगाने मोठी, दोन फुटांच्या पुढेही जाते. गावात विचारायचं असेल तर बांडी म्हणून विचार, फुरसं कुणाला कळणार नाही.

आता याचा स्वभाव नीट समजून घे, कारण इथली सवय तिथे दगा देते. आपण ट्रेकला नवीन पोरांना सांगतो ना, पाय आपटत चाला, साप आधीच निघून जातो. धामणीला ते चालतं. फुरसं मात्र जागचं हलत नाही, त्याचा सगळा भरवसा रंगावर, वाळूत अंग पुरून नुसतं डोकं वर ठेवून पडलेलं असतं नाहीतर फोगाच्या झुडपाखाली, सेवण गवताच्या बुंध्याशी दबून, आणि तू कितीही धपाधप चाललीस तरी ते तिथेच असणार. फारच जवळ गेलीस तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालून अंगाच्या कडेचे करवती खवले एकमेकांवर घासतं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की जिथल्या तिथे थांब, आधी टॉर्चने ते कुठे आहे ते शोध, आणि मग आलीस त्याच पावलांनी मागे हो. न बघता बाजूला उडी मारायची नाही, उडी नेमकी कुठे पडेल ते तुला माहीत नसतं. दोन मीटरचं अंतर पडलं की झालं, ते पाठलाग वगैरे करत नाही. पण दर वेळी आवाज करेलच असंही नाही, म्हणून कानांवर विसंबू नकोस.

म्हणजे काम काय राहिलं, तर पाय कुठे पडतोय आणि हात कुठे जातोय एवढंच बघायचं. ऐकायला सोपं आहे, करायला कंटाळवाणं आहे. सम आणि खुरी या गावांजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळी बघशील, सगळे टूरिस्ट बूट काढून हातात घेतात आणि सूर्यास्ताला अनवाणी वाळूत पळतात, मऊ गार वाळू, फोटो मस्त येतात. आणि फुरसं बाहेर निघायची वेळ तीच. दुपारी ऊन असेपर्यंत काय अनवाणी चालायचं ते चाल (पाय भाजतील ते वेगळं), पण सूर्य खाली गेला की घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि जाड कापडाची ढगळ पँट. लेगिंग्ज नकोत, दात थेट आत जातात, ढगळ कापडात निदान थोडं अंतर राहतं.

टॉर्चचं एक सांगतो, हे सहसा कुणी सांगत नाही. हेडलॅम्प असूदे, पण उजेड डोळ्यांच्याच रेषेतून पडतो त्यामुळे सावल्या दिसत नाहीत, सगळी वाळू सपाट वाटते आणि वेटोळं त्यात मिसळून जातं. म्हणून हातात दुसरी टॉर्च घे आणि ती गुडघ्याच्या उंचीवर धर. उजेड आडवा पडला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, खडा असो की साप, उठून दिसतो. मोबाइलचा उजेड धरू नकोस, तो पुरत नाही आणि रात्री बॅटरी तुला फोनसाठीच लागणार आहे. टॉयलेटला जातानाही हेच, टेंटपासून दहा पावलं असली तरी बूट आणि टॉर्च. लाकडं उजेडात गोळा करून ठेवा, अंधारात खेजडीच्या झाडाखाली हात घालून काटक्या ओढायच्या नाहीत. उंदरांच्या बिळांनी भरलेली जमीन दिसली तर तिथे बसू नकोस की टेंट लावू नकोस, ती बिळं सापांची खानावळ पण असतात आणि झोपायची जागा पण.

आणि पहाटे उठ. वारा सुटायच्या आधी टेंटच्या भोवती एक चक्कर मार. रात्रभर कोण कोण आलं-गेलं ते सगळं वाळूवर लिहिलेलं असतं, भुंगेरे, उंदीर, कोल्हा. फुरसं मऊ वाळूवर तिरकं जातं, त्याच्या चालीने एकाशेजारी एक सुट्या तिरक्या रेघा उठतात, सलग नागमोडी ओळ नाही. एकदा ओळखायला लागलीस की कॅम्पच्या कुठल्या बाजूला संध्याकाळी जास्त सांभाळायचं ते आपोआप कळतं. साप बघायची खरी मजा मला विचारशील तर यातच आहे, पण ते तुझ्या वयात पटत नाही.

फुरशाचं बरंच झालं, आता मण्यार. ती चालताना भेटायची नाही, ती झोपेत भेटते. तिकडे सिंध मण्यार आहे, आपल्या मण्यारीची बहीण. गावात म्हातारी माणसं तुला पीवण्याच्या गोष्टी सांगतील, म्हणजे एक साप रात्री छातीवर बसून झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो. हसू नकोस. मण्यारीचे दात बारीक, दंश झालेला कित्येकदा झोपेत कळतही नाही, जखम शोधूनही सापडत नाही, पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास बंद पडतो. त्या लोकांनी जे बघितलं ते बरोबरच बघितलंय, कारण तेवढं चुकीचं लावलं. तेव्हा जमिनीवर उघड्यावर झोपून आकाशगंगा बघायचा जो काय प्रोग्राम असेल तो अकरापर्यंत उरकायचा आणि मग चेनने पूर्ण बंद होणाऱ्या टेंटमध्ये जायचं. ढाणीत असाल तर खाट मागून घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. डिसेंबरात थंडीने साप दबून असतात, ऑक्टोबरात रात्री अजून तेवढ्या गार नसतात, म्हणून हा आग्रह.

आता चावलाच तर. बसवा, घाबरवू नका, अंगठी-घड्याळ-बूट काढा कारण सूज येणार, हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा, वेळ लिहून ठेवा आणि गाडीत घाला. दोरी आवळायची नाही, ब्लेड नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ नाही. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन अजिबात देऊ नका, फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यात या गोळ्या म्हणजे भर. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते, विषावरची लस चार सापांना (नाग, मण्यार, घोणस, फुरसं) मिळून एकच आहे, डॉक्टर लक्षणं बघतात आणि काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून ते गोठतंय का बघतात. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर राहूदे. आणि फुरसं चावून दोन तास झाले, माणूस गप्पा मारतोय, म्हणजे वाचला असं धरू नका, हिरड्यांतून, लघवीतून रक्त नंतरही सुरू होतं.

तिथे गावोगाव खेजडीखाली गोगाजींचं, म्हणजे सापांच्या लोकदेवतेचं, ठाणं असतं, साप चावला की माणसाला आधी तिथे न्यायची रीत आहे. वाद घालू नकोस, त्यांच्या श्रद्धेशी तुझं भांडण नाही, नमस्कार कर आणि गाडी चालू ठेवायला सांग. खुरीहून जैसलमेर चाळीस-पन्नास किलोमीटर, मधे नेटवर्क जातं. १०८ आहेच पण तिच्या भरवशावर बसू नका, रात्री गावात हजर असेल असा जीपवाला आधीच पैसे बोलून ठरवून ठेवा.

तू लस सोबत न्यायचं विचारलंस. नको. आपल्या हाफकिनसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तातून बनते ती, शिरेतून द्यावी लागते, आणि काहींना तिचीच जोरदार अ‍ॅलर्जी येते, तेव्हा अ‍ॅड्रेनलिन आणि डॉक्टर शेजारी लागतो. दुसरं म्हणजे लस बनवायला लागणारं विष गेली कित्येक वर्षं मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सोसायटीकडून येतंय, तिकडच्या सापांचं. थारच्या फुरशावर ती कमी पडते असं राजस्थानातल्या डॉक्टरांनी लिहिलंय, सिंध मण्यार तर त्या चारात नाहीच. म्हणजे लसीचे डोस जास्त लागू शकतात, जोधपूरला हलवावं लागू शकतं, मण्यार असेल तर व्हेंटिलेटर लागू शकतो, आणि चांगली गोष्ट ही की व्हेंटिलेटर वेळेवर मिळाला तर मण्यारीचा माणूस बहुतेक वेळा उठून बसतो. निघायच्या आधी जैसलमेरच्या जवाहर हॉस्पिटलला फोन करून विचार, लस आहे का, किती आहे, व्हेंटिलेटर चालू आहे का, नसेल तर जोधपूरला कुठे पाठवतात. हे काम कॅम्पवाल्यावर सोडू नकोस, तो "सब है मॅडम" म्हणणार. तूच कर, आणि काय उत्तर आलं ते मला टाक.